लळितानंतरचं गाणं

“वहिनी, यंदा गावात काय विशेष?”

नीळकंठबुवा हा प्रश्न दरवर्षी दुसऱ्या भाताला विचारीत. पहिला वरणभात मुकाट्यानं, दुसरा आमटीशी आणि गप्पांशी. रामनवमीच्या उत्सवाला सांगलीकडून येत ते आमच्याकडेच उतरत. खारवलीसारख्या खाडीकाठच्या गावात एवढ्या तोलाचा कीर्तनकार येतो, याचाच आम्हाला अभिमान. ज्या गावी जातील तिथल्या यजमानीणबाईंकडून चार गोष्टी काढून घ्यायच्या आणि संध्याकाळी निरूपणात नावं गाळून पेरायच्या, ही त्यांची रीत. मग मंडपातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत आणि कीर्तन गावचं होऊन जाई.

त्यांच्या कीर्तनाला पेटीची साथ माझी असे. बुवांच्या हाताला काय लागेल हे मला न सांगता कळायचं. त्या दिवशीही कळलं.

“विशेष म्हणजे आपल्याकडे बँड निघालाय,” मी म्हटलं. “मयेकरांचा विघ्नेश बोटीवर असतो ना, तो तिकडून, आयर्लंडातून बँजो घेऊन आलाय. आपला बटणांचा नव्हे हं. गिटारीसारखा, तारांचा. बँडचं नाव ‘खारो वारो’.”

“वा! आणि वाजवतात काय?”

“वाजवतात कसले! मासळी सुकवायच्या खळ्यात उड्या मारतात. चर्चमधले आगुस्तिनमास्तर व्हायोलिन घासतात, शिमग्याच्या पार्टीतला रुपेश ड्रम बडवतो आणि हा मध्ये उभा राहून बोंबलतो. तिकडचं म्हणे जुनं नाचगाणं, त्याला दंगामस्तीची फोडणी. फोक पंक म्हणतात त्याला.”

“पंक?” बुवांचे डोळे चमकले. “पंक म्हणजे आपल्याकडे चिखल हो!”

आम्ही सगळेच हसलो. आमच्या ह्यांना तर ठसका लागला. फणसाच्या कुयरीची भाजी वाढत मी आणखी एक गोष्ट सांगितली. कुणी विचारली नव्हती.

“आणि बुवा, घरात धाकट्याचं वर्षसुद्धा सरलेलं नाही.”

“म्हणजे?”

“सिद्धेश. नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्याच फेरीला ट्रॉलरवरून पडला. देहसुद्धा मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून दहन केलं. हा तेव्हा बोटीवर, तेराव्यालाही पोचला नाही. आता आलाय तर ढोल बडवतोय.”

बुवांनी “च्च” केलं आणि भातावर ताक घेतलं.

“नाव घेऊ नका हं,” मी म्हटलं.

“वहिनी, गादीवरून मी कधी कुणाचं नाव घेतलंय का?”

*

त्या संध्याकाळी लळिताचं कीर्तन होतं. लळीत म्हणजे उत्सवाची सांगता. ते झालं की नारदाची गादी उचलायची, ती पुढच्या वर्षीच घालायची. मधल्या काळात देवळात कीर्तन नाही. त्यामुळे लळिताला सगळा गाव लोटतो. खारवाड्यातली माणसं, आंबेवाडीतली, बाजारातली, सगळी.

पेटीच्या जागेवरून मला देवळाचा उजवीकडचा खांब नीट दिसतो. त्या खांबाशी मंदाकाकी मयेकर बसली होती. विघ्नेशची आई. आठ महिन्यांत ती घराबाहेर पडलेली मी पहिल्यांदा पाहत होते. मांडीवर केळीचं पान, पानात सुरंगीचा हार. आमच्याकडे पूर्वरंग संपला की मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. लळिताचा हार कित्येक वर्षं मयेकरांच्या परसातल्या सुरंगीचा असे. ती फुलं बारकी, खोडालाच चिकटून येणारी, पहाटे चढून काढावी लागतात. काढायचा सिद्धेश, ओवायची ती. यंदा कुणी काढली असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं, तेवढ्यात बुवांनी सूर मागितला आणि मी भाता ओढला.

पूर्वरंगाचा विषय होता मन. चंचल मनाला नामाचा खुंटा कसा हवा, हे बुवा सांगत होते. माकडाचा दृष्टांत झाला, वाऱ्यावरच्या पाचोळ्याचा झाला. मग त्यांनी उपरणं कमरेला गुंडाळलं. उपरणं कमरेला गेलं की काहीतरी गमतीचं येणार, हे लहान पोरालाही माहीत.

“परवा एका गावी गेलो. समुद्रकाठचंच गाव. गाव चांगलं, माणसं भाविक. पण एका पोरानं परदेशातून संगीत आणलंय म्हणे! कसलं? तर पंक. अहो, आपल्याकडे पंकातून कमळ उगवतं. यांच्या पंकातून काय उगवतं, ऐकायचंय?”

आणि बुवांनी उडी मारली. साठी उलटलेला माणूस, पगडी सावरत, एका पायावर गिरकी घेऊन “हेऽऽ” करून ओरडला. लोक खो खो हसले. मी काय केलं, तर पंजा पसरून पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. भसकन असा भेसूर आवाज निघाला की बुवासुद्धा वळून माझ्याकडे बघून हसले. तबल्यावरच्या गुरवानं वर एक थाप ठेवून दिली. मंडप नुसता लोळत होता.

“हसा, हसा,” बुवा म्हणाले. हात वर करून त्यांनी हशा थांबवला. आवाज खाली आणला. तो आवाज खाली आला की अंगावर काटा येई. “पण मंडळी, त्या घरात सख्ख्या भावाचं वर्ष सरलेलं नाही. माउलीच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही, आणि थोरला ढोल बडवतोय. ज्याला भावाचं सुतक कळत नाही, त्याला सूर काय कळणार? आणि त्याच्या हातचं पाणी त्या गेलेल्या जिवाला कसं पोचणार?”

मंडपात कोपरं ढोसली गेली नाहीत. माना वळल्या. सगळ्या उजव्या खांबाकडे.

मंदाकाकीनं केळीचं पान दुमडलं. हार आत ठेवून नीट दुमडलं. उठली, देवाला नमस्कार केला आणि बायकांच्या मधून वाट काढत गेली. कुणी पाय आवरले, कुणी आवरले नाहीत. बुवांनी तिला पाहिलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, ते आलापात होते. मी पाहिलं आणि सूर धरून राहिले. कीर्तन चालू असताना पेटी सोडता येत नाही.

मध्यंतरात हार आलाच नाही. मग कुणीतरी देवापुढचा झेंडूचा हार उचलून बुवांच्या गळ्यात घातला.

*

सकाळी बुवांचं सामान बांधून झालं होतं. दहाची मालवण गाडी. मी वाटेसाठी दडपे पोहे बांधत होते, तेवढ्यात पडवीत कुणी खाकरलं.

विघ्नेश होता. उंच, उन्हानं रापलेला, कानात बाळी. मी मनाशी म्हटलं, आला भांडायला. आमचे हे पुढं झाले, “काय रे विघ्नेश?”

“बुवांशी बोलूचा होता.”

बुवा बाहेर आले. त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखणार कसे?

“बस की.”

“नको. उभोच बरो.” तो जरा घुटमळला. “बुवांनू, काल मी देवळात नव्हतंय. पण तुम्ही काय बोललास ता माका कळला. राग नाय. माझा एक काम करा. जातांना आमच्या घराकडसून जावा, नी आयेक एवढाच सांगा की ह्यात पाप नाय. ती तुमचा ऐकता.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या डब्याचं झाकण लावत होते. ते लागत नव्हतं.

“तू... तो बँडवाला?” बुवा म्हणाले.

“होय.”

बुवा पायरीवर बसले. “आणि काल मंडपातून कुणी उठून गेलं म्हणत होते, ती...”

“आये माझी.” विघ्नेश खाली बघत बोलू लागला, थोडं मालवणीत, थोडं आमच्यासाठी शुद्ध करून. “सिद्धेश गेलो तेव्हा माझी बोट तिकडे होती. आयर्लंडला, कॉर्क म्हणून बंदर आहे. कंपनीनं सोडलं नाही. फोनवर कळलं, नी त्याच रात्री पुन्हा डेकवर ड्युटी. तिसऱ्या दिवशी जरा सुटका झाली तसा बंदरावरच्या एका दारूच्या दुकानात जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू. तिथं हा असला बँड वाजत होता. व्हायोलिन, बँजो, भात्याचा बाजा, ड्रम. मी कोपऱ्यात रडत होतो. तर त्यांच्यातला गाणारा गाणं थांबवून खाली आला. विचारलंन, काय झालं? मी सांगितलं. म्हणाला, भावाचं नाव काय?”

“मग?”

“मग त्यानं स्टेजवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्यांच्याकडं गाणं आहे, बुडालेल्यांचं. शेवटाला नाव घ्यायचं, सगळ्यांनी, ओरडून. उड्या मारीत. ती शंभर-दोनशे माणसं, बुवा, कोण कुठची, सिद्धेशच्या नावानं ओरडली. नाव धड येत नव्हतं त्यांना. ‘सिडेश, सिडेश’ करत होती.” तो हसला आणि हसता हसता त्यानं बाहीनं नाक पुसलं. “तेव्हा माका वाटला, तेराव्याक मी पोचलंय.”

आमच्या ह्यांनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“आये रडाक नाय अजून,” विघ्नेश म्हणाला. “देह मिळाक नाय ना. पुतळो जाळलो, तर म्हणाली, ह्यो गवताचो, ह्यो माझो झील न्हय. तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही. जेवते, मासळी खारवते, झोपते. नाव नाही. मी म्हटलं, आये, लळिताच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेटीवर ये. त्याचं गाणं म्हणू. आठ दिवस मागे लागलो तेव्हा हो म्हणाली. म्हणाली, आधी लळिताक जातंय, देवाक विचारतंय, मग येतंय. नी काल येऊन दार लावून बसली. म्हणते, देवाच्या गादीवरून सांगितलं, तुझ्या हातचं पाणी त्याला पोचणार नाही.” तो थांबला. “चार दिवसांनी माझी बोट आहे. सहा महिने तरी येणं नाही.”

बुवांनी पायरीच्या चिऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हण ते गाणं.”

“आत्ता? असाच?”

“असाच.”

विघ्नेशनं कानावर हात ठेवला नाही, डोळेही मिटले नाहीत. पडवीच्या खांबावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणू लागला. खळ्यातून रोज संध्याकाळी हा आवाज मी ऐकत होते. समुद्राचा वारा शब्द उडवून न्यायचा आणि माझ्या कानावर नुसता ढोल पडायचा. शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

“वल्ही हाणा, शीड सोडा,
घरची वाट दावा रे,
दर्यान जेका ठेवून घेतला
तेचा नाव घेवा रे,
सिद्धेशा! सिद्धेशा रे!”

चाल सहा मात्रांची होती. आमच्या दादऱ्यासारखी, पण दादरा मांडी घालून बसतो आणि ही पायांवर उभी राहायला लावते. गाणं संपलं तेव्हा आमचे हे चष्मा पुसत होते.

बुवा म्हणाले, “माझी लेक गेली तेव्हा दहा दिवस गादी बंद होती. सुतक. घरात बसून मला एक टिपूस आला नाही. अकरावा दिवस झाल्यावर एका गावी उभा राहिलो आणि पूर्वरंगातच रडू फुटलं. लोक म्हणाले, बुवांचा करुणरस काय!” ते उठले. “चल.”

“गाडी चुकेल तुमची,” आमचे हे म्हणाले.

“चुकू दे. आणखी काय चुकायचं राहिलंय?”

मी वाट पाहत होते. बुवा आता म्हणतील, मला काय माहीत रे बाळा, या वहिनींनी सांगितलं. एवढं म्हणाले असते तरी मला हलकं वाटलं असतं. ते पायांत वहाणा सरकवत होते. म्हणाले एवढंच, “माझी चूक झाली, विघ्नेश.” आणि माझ्याकडे वळून, “वहिनी, चला तुम्हीही.”

*

मयेकरांचं दार बंद होतं. खळ्यात कातरलेल्या जाळ्यांचा ढीग, परसात सुरंगीचं झाड. बुवा दारापाशी उभे राहिले.

“मंदाताई, मी नीळकंठबुवा.”

 आतून आवाज आला, शांत. “बुवांनू, घर दुखवट्यातला आसा. तुम्ही उंबरो चढू नका.”

“चढत नाही. इथूनच सांगतो. काल मी चुकीचं बोललो. तुमच्या मुलाच्या गाण्यात पाप नाही. त्याच्या हातचं पाणी पोचेल. मी सांगतो.”

“खंयसून सांगतास?”

बुवांना कळलं नाही.

“म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“काल गादीरसून सांगितलात. सगळ्या गावान ऐकला. आज माझ्या बंद दाराक सांगतास.” दाराआडून ती बोलत होती, रागानं नव्हे, एखाद्या पोराला समजावावं तशी. “गादीवरचा गादीरसूनच परत घेवक होया. नाय काय?”

बुवांचा चेहरा उतरला. त्यांना याचं उत्तर माहीत होतं, मलाही होतं. लळीत झालं. गादी उचलली. ती आता वर्षानंच पडायची.

“पुढच्या वर्षी,” बुवा म्हणाले, “पहिल्याच दिवशी, नमन झालं की...”

“वरसान पोरगो खंय, मी खंय, तुम्ही खंय,” ती म्हणाली.

आम्ही परत निघालो. बुवा पुढं चालत होते. आमच्या कुंपणाच्या बेड्याशी आल्यावर थांबले.

“वहिनी, तुमची घरची पेटी चांगली आहे ना?”

“आहे की. का?”

“त्यांचा तो बाजा नसेल त्यांच्याकडे. भात्याचा. त्याची जागा रिकामी असेल.”

“बुवा! मासळीच्या जेटीवर पेटी?”

“काल देवळात तुम्ही पेटी जशी वाजवलीत,” बुवा म्हणाले, “त्यापेक्षा वाईट जागा नाही ती.”

एवढंच बोलले. त्या सगळ्या प्रकरणात मला बोल लावणारं त्यांचं हे एकच वाक्य.

*

ऊन उतरल्यावर जेटीवर वीसेक माणसं होती. लळितातल्या बोलण्यानंतर आणखी कोण येणार? रुपेशच्या बापानं त्याला घरीच ठेवला होता. तो मागच्या दारानं पळून आला. आगुस्तिनमास्तर व्हायोलिनचा सूर लावत होते. मला पेटी घेऊन येताना पाहून ते चकित झाले.

“कुमुदवैनी, तू? देवा! मगे आज जेटी बाटली काय पेटी बाटली?”

“सूर द्या मास्तर,” मी म्हटलं. आणि पेटी उघडून भाता सोडला.

मग बुवा आले आणि जेटीवरची कुजबूज थांबली. लाल पगडी, रेशीमकाठी धोतर, उपरणं, कपाळाला गंध. लळिताला उभे राहिले होते तसेच, पूर्ण पोशाखात. हातात झांज. लोकांना वाटलं, आता इथं येऊन पुन्हा कानउघाडणी करणार. विघ्नेश बँजो गळ्यात घालून एका उलट्या घातलेल्या क्रेटवर उभा होता. तो खाली उतरू लागला.

“उतरू नकोस,” बुवा म्हणाले. मग जेटीवर सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांनी आवाज लावला. तोच, कालचा, खाली येणारा. “मंडळी, काल मी गादीवरून एका मुलाची आणि त्याच्या आईची विटंबना केली. गादीवर चुकीचं बोललो. तिथून ते परत घ्यायला मला वर्ष थांबावं लागेल. पण जिथं कुणी देवासाठी किंवा गेलेल्यासाठी उभा राहून गातो, तिथं गादी असते. आज ती याची आहे.”

आणि ते वाकले. गादीवर उभ्या असलेल्याला सगळे नमस्कार करतात. बाप मुलाला करतो, गुरू शिष्याला करतो. गादीवर असलेला मात्र देवाखेरीज कुणापुढे वाकत नाही. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी नीळकंठबुवांची पगडी मासळीच्या क्रेटपाशी खाली गेलेली पाहून एक बाई “अगो बाय” म्हणाली आणि एक पोर मयेकरांच्या घराकडे पळालं.

विघ्नेशनं पाय मागे ओढला.

“मागे सरू नको,” बुवा खालूनच म्हणाले. “उभा राहिलास ना, मग नीट उभा राहा.”

मग ते उठले आणि त्याच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. झांजकऱ्याच्या जागेवर. त्यांच्या मागे उभं राहून झांज धरायला आमच्याकडे पोरांत भांडणं होत. ते स्वतः कुणाच्या मागे उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

रुपेशनं काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि गाणं सुटलं.

काय सांगू, मला ते झेपेना. सकाळी पडवीत ऐकलेली चाल ती हीच, पण आता तिच्या अंगात वारं शिरलं होतं. व्हायोलिन पुढं पळतंय, बँजो त्याच्या पाठी दगड फेकल्यासारखा, ड्रमचा दणका जेटीच्या फळ्यांतून मांडीत चढतोय. भाता पुरेना माझा. बुवांची झांज दोनदा चुकली, एकदा तर भलतीकडेच पडली. आगुस्तिनमास्तरांनी व्हायोलिन वाजवता वाजवता डोळे मोठे करून त्यांना सम दाखवली आणि बुवांनी पोरासारखी मान डोलावली. प्रत्येक कडव्याला लय वाढत होती. ज्या जागेवर रडायला यावं तिथंच पाय उडायला लागत. तिथली बारकी पोरं नाचायला लागली, मग त्यांच्या आया. आणि कडव्याच्या शेवटी सगळे मिळून, “सिद्धेशा! सिद्धेशा रे!”

आमच्या नामस्मरणात टाळी टिपेला जाते, तेव्हा देवळाचे खांब हलल्यासारखे वाटतात. इथं खांब नव्हते. समोर नुसता समुद्र.

तिसऱ्या कडव्याला विघ्नेशचा आवाज अडकला. तो गावाकडून येणाऱ्या वाटेकडे बघत होता. मी मान वळवली.

मंदाकाकी येत होती. मधोमध, संथ, हातात ते कालचंच केळीचं पान. लोकांनी बाजू दिली. ती क्रेटपाशी थांबली नाही, बुवांकडे तिनं पाहिलं नाही. जेटीच्या टोकाला गेली. जिथं ट्रॉलर लागतो तिथं. पान उलगडलं. सुरंगी सुकली तरी तिचा वास जात नाही. त्या मासळीच्या घाणीतही तो वास माझ्यापर्यंत आला.

बाकी सगळ्यांचं वाजवणं थांबलं होतं. माझी पेटी तेवढी षड्ज धरून होती. सोडायचं मला सुचलं नाही.

तिनं हार पाण्यात टाकला. आणि हाक मारली. गाण्यातली नव्हे, चालीत नव्हे. जेवायला उशीर झालेल्या पोराला परसदारातून मारतात तशी.

“सिद्धेशाऽऽ! ये सिद्धेशा!”

मग ती तिथंच बसली आणि तिला रडू फुटलं. विघ्नेश बँजोसकट तिच्याकडे धावला.

बुवांनी झांज छातीशी धरली होती. त्यांच्या गालांवरून आसवांचा ओघळ खाली आला होता. करुणरस नव्हता तो.

*

माणसं पांगत असताना मी पेटीला झाकण घालत होते. मंदाकाकी विघ्नेशच्या खांद्याचा आधार घेऊन परत चालली होती. माझ्याशी आली तेव्हा थांबली.

“वैनी,” ती म्हणाली, “आज सरळ वाजवलंस.”

मी वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण नजर स्वच्छ होती.

“काल सगळी बटणां एकदम दाबलंस. मी बघितलंय.”

“मंदाकाकी, ते मी... वर्षाचं ते बुवांना मीच...”

“माका ठावक आसा,” ती म्हणाली. “बुवा काय गावात फिरान जेवतत?”

आणि गेली.

विघ्नेशची बोट गेली. तो पुढं दोन वर्षांनी आला, तेव्हा बरोबर दोन गोरे मित्र होते आणि एक भात्याचा बाजाही होता. तरीही त्यानं मला बोलावलं. आता दरवर्षी नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस गेले की खारो वारो जेटीवर वाजतं आणि मी माझी पेटी घेऊन जाते. गेल्या वर्षी सात नावं घेतली. बुडालेल्यांची घरं आता आपण होऊन नाव सांगायला येतात. मंदाकाकी पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसते आणि रुपेशच्या लयीला नावं ठेवते.

देवळात मात्र ती परत आली नाही. सुरंगीचा हारही नाही.

नीळकंठबुवाही आले नाहीत. जेटीवर झांज धरली त्याच वर्षी मार्गशीर्षात सांगलीहून पत्र आलं, ते गेल्याचं. शेवटपर्यंत बुवांना घोर होता, रामनवमीला खारवलीत पहिल्या नमनानंतर एक गोष्ट सांगायची राहिली, असं त्यांच्या मुलानं कळवलं होतं. कोणती, ते त्याला माहीत नव्हतं. गादीवरून बोललेलं ते गादीवर तसंच राहिलं आहे. ते परत घेणारं आता कुणी नाही, आणि मी पेटीवाली. मला गादी नाही.

आता दुसरे बुवा येतात. तरुण आहेत, विद्वान आहेत, आवाज गोड आहे. उतरतात आमच्याकडेच. दुसरा भात घेतला की पानावरून मान वर करून विचारतात, “वहिनी, गावात काय विशेष?”

“काही नाही हो,” मी म्हणते. “आमटी वाढू?”